चार बाटल्या, साडेअकराशे रुपये: वासाच्या व्यायामाची पेटी वापरून पाहिली

पेटी देखणी आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी बरीच खुसपटं काढणार आहे. जाड पुठ्ठ्याचा खोका, आत काळ्या स्पंजात खोचलेल्या तपकिरी काचेच्या चार बाटल्या, चार रंगांची झाकणं: गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. सोबत रोजच्या नोंदीचा तक्ता आणि एक घडीचा माहितीकागद. कोरोनानंतर किंवा साध्या सर्दीनंतर ज्यांचा वास गेला किंवा बिघडला, त्यांनी नाकाचा व्यायाम करण्यासाठी ही पेटी. ऑनलाइन मागवली, घरपोच साडेअकराशेला पडली. कंपनीचं नाव लिहीत नाही. अशा पेट्या बऱ्याच जणांच्या मिळतात, आतला माल थोड्याफार फरकानं तोच, आणि माझं भांडण कुणा एकाशी नाही.

नाकाचं मला एवढं कौतुक का, तर आमचा कांदा-लसूण चटणीचा घरगुती व्यवसाय आहे, कोल्हापुरात, उत्तरेश्वर पेठेत. होळीपासून वळीव सुरू होईपर्यंत घरात दुसरा विषय नसतो. बेडगी, संकेश्वरी, धणे, तीळ, खसखस, दगडफूल, नागकेशर, मसाला वेलदोडा. कुठली जिन्नस कढईतून कधी उतरायची हे घड्याळ बघून ठरत नाही. धण्याला एक गोडसर वास सुटतो, तिथं उतरवले तर ठीक, जरा पुढं गेले की अख्खा घाणा कडवट. माझी राजाराम कॉलेजची केमिस्ट्रीची बी.एस्सी. आहे. लग्नानंतर तिचा उपयोग चटणीतच झाला आणि नंतर या आजारपणात.

२०२१ चा जून. बाकी महाराष्ट्रात दुसरी लाट ओसरत आली तरी कोल्हापुरातून हटायला तयार नव्हती, तेव्हा मला गाठलं. ताप बेताचा, ऑक्सिजन चांगला, घरीच निभावलं. पण एका सकाळी फोडणीतला हिंगच कळेना. नाक चोंदलेलं नव्हतं, श्वास मोकळा होता, तरी काहीच नाही. पुढच्या महिन्यात महापूर आला. पाणी उतरल्यावर पेठेत चिखलाच्या दर्पानं लोक तोंडाला पदर लावून फिरत होते आणि मी निवांत.

तिखटाचा ठसका मात्र जसाच्या तसा होता. डंकावर मिरची पडली की शिंका यायच्याच. घरच्यांना वाटायचं, बघा, नाक तर चालू आहे. पण ठसका म्हणजे वास नव्हे. मिरचीतलं कॅप्सायसिन, निलगिरीचा गारवा, कांदा चिरताना होणारी डोळ्यांची आग, हे सगळं ट्रायजेमिनल नावाच्या चेहऱ्याच्या मज्जातंतूवरून मेंदूकडं जातं. वासाचा मज्जातंतू निराळा. एवढं ध्यानात ठेवा, बाटल्यांपाशी लागणार आहे.

वास परत आला तो पावसाळा सरता सरता, आणि आला तो वाकडा. कांदा तेलात पडला की टायर जाळल्याचा वास. लसणाचा तोच, भाजल्या खोबऱ्याचा तोच, कॉफीचा तोच, तळलेल्या अंड्याचाही तोच. तांबडा रस्सा ताटाजवळ नको व्हायचा. नारळाच्या दुधातला पांढरा, तोही लसूण न घालता केलेला, तेवढा घोटभर जायचा. मटणाच्या पंगतीला बसून दहीभात मागणारी बाई म्हणून मी भावकीत बदनाम झाले. सून भट्टीवरून हाक मारायची, "आत्या, बघा की, झालं का?" मी रंग बघून सांगायचे. रंगावरनं खोबरं कळतं, जिरं कळत नाही.

या बिघाडाला पॅरोस्मिया म्हणतात आणि त्यावरचं इंग्लंडातल्या रीडिंग विद्यापीठाचं काम वाचलं तेव्हा मी चाट पडले. जेन पार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉफीचा वास यंत्रातून रेणूरेणूंत वेगळा केला आणि वास बिघडलेल्या लोकांना एकेक रेणू हुंगायला दिला. २०२२ मध्ये ते प्रसिद्ध झालं. कॉफीत शेकड्यांनी रेणू, पण घाण वाटणारे मोजकेच निघाले. सगळ्यांत जास्त लोकांना छळणारा २-फ्युरानमिथेनथायॉल, गंधक असलेला रेणू, अगदी कणभरही नाकाला कळणारा. त्याच्या खालोखाल पायराझिन आणि डायसल्फाइड जातीचे. पायराझिन भाजण्यातून तयार होतात, डायसल्फाइड कांदा-लसणात असतात. म्हणजे माझ्या धंद्याचा सगळा माल त्या यादीत बसलेला.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी आत दुर्बीण घालून पाहिलं. अडथळा काही नाही म्हणाले आणि हा व्यायाम सांगितला. स्टेरॉईडच्या गोळ्यांनी लवकर येईल का, असं मी विचारलं, तर मला शुगर आहे म्हणून त्यांनी हातच जोडले. वास येण्यासाठी पोटातून स्टेरॉईड देऊ नका, आधी गंध-व्यायाम द्या, असंच २०२१ मध्ये या विषयातल्या तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटानंही लिहिलेलं आहे. तेव्हा पेटी मागवली.

व्यायामाची कल्पना कोरोनाच्या आधीची आहे, हे खोक्यावर कुठंच लिहिलेलं नाही. जर्मनीत ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये ती मांडली. ४० जणांनी दिवसातून दोनदा चार वास हुंगले, १६ जणांनी काहीच केलं नाही, आणि १२ आठवड्यांनी दोघांची तुलना केली. विषाणूच्या आजारानंतर, डोक्याला मार लागून किंवा कारण न सापडता वास गेलेली माणसं होती ती. हुंगणाऱ्यांतल्या काहींचा वास मोजता येईल इतका सुधारला. काहींचा. खोक्यावर ठळक छापलंय, '१२ आठवड्यांत वास परत, खात्रीशीर'. ज्या अभ्यासाच्या जिवावर हा धंदा उभा आहे, त्या अभ्यासानंही एवढी हिंमत केली नव्हती.

चार वास हेच का, तर त्याचंही मूळ जुनं आहे. हान्स हेनिंग नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १९१६ मध्ये वासांची वर्गवारी केली होती. त्यातले चार प्रकार घेतले: फुलाचा, फळाचा, मसाल्याचा आणि राळेचा. कंपनीनं इथं काही घोळ केलेला नाही, चारी बाटल्या त्या चार घरांतल्याच आहेत.

आता एकेक बाटली. गुलाबाला मी सगळ्यांत जास्त गुण देते. वास नकली आहे, आपल्या देवघरातल्या गुलाबपाण्यापेक्षा साबणाच्या वडीकडं झुकणारा, पण त्यात गारवा नाही, झोंबणं नाही, फक्त वास आहे. गुलाबाचा मुख्य रेणू फिनाइलइथाइल अल्कोहोल, आणि तो ट्रायजेमिनलला जवळजवळ डिवचतच नाही, म्हणून तर प्रयोगशाळांतही वास तपासायला तोच वापरतात. तेव्हा गुलाब कळला तर खरंच वास आला असं समजायचं. मला सगळ्यात उशिरा कळलेली बाटली हीच.

निलगिरीचं बरोबर उलट. पहिल्याच दिवशी झाकण उघडलं आणि नाकात गार झुळूक गेली. आला, आला म्हणून मी ओरडलेच. आलं काही नव्हतं, नुसता गारवा. माहितीकागदात याचा एक शब्द नाही. उलट 'बहुतेक ग्राहकांना निलगिरी पहिल्या आठवड्यात जाणवते' अशी जाहिरात केलीय. जाणवणारच हो, ज्याला जन्मात वास येत नाही त्यालाही जाणवेल.

लवंग शुद्ध युजेनॉलकडं, म्हणजे लवंगेतल्या मुख्य रेणूकडं, झुकलेली आहे, त्यामुळं दातांच्या दवाखान्यात शिरल्यासारखं होतं. सामान्य माणसाला चालेल. माझ्यासारखीला ती अर्धवट वाटते, कारण खऱ्या लवंगेत युजेनॉलच्या मागं एक लाकडासारखा कोरडा वास असतो, तो इथं नाही. लिंबाची बाटली मात्र सरळ नापास. सुरुवातीला ठीक होती, पण लिंबूवर्गीय तेलं हवेनं आणि उष्णतेनं बिघडतात, आणि आमच्या माडीवरच्या पत्र्याखाली ती टिकणार कशी? एप्रिल उजाडेपर्यंत तिला रंगाच्या टर्पेंटाइनचा वास मारायला लागला होता. ज्याचं नाक आधीच खोटं बोलतंय त्याला सरकलेलं तेल हुंगायला देणं म्हणजे कमाल आहे. बाटलीवर तयार केल्याची तारीख होती, कधीपर्यंत वापरायची ती नव्हती.

बनावट मात्र चांगली. तेल सुटं भरलेलं नाही, आत भिजवलेली जाड वात आहे, त्यामुळं बाटली कलंडली तरी सांडत नाही आणि नाकाला तेल लागत नाही. काच तपकिरी, बरोबर. तोंड रुंद, बरोबर. तक्ताही कामाचा: वास आला का, किती आला, कसा आला, असे तीन रकाने. तिसरा रकाना ज्यानं घातला त्याला पॅरोस्मिया माहीत असणार. माझ्या त्या रकान्यात कितीतरी दिवस 'टायर' एवढंच आहे.

माहितीकागदाला पाचपैकी एक. इंग्रजीतून हिंदीत आणि हिंदीतून मराठीत आणलेला, त्यामुळं 'आपल्या नासिकेस प्रशिक्षित करा' अशी वाक्यं. ते सोडा. पहिलंच वाक्य आहे, 'कोरोना व्हायरस २०१९ मध्ये सापडला.' माझी पुतणी शिवाजी विद्यापीठात मायक्रोबायोलॉजी करते, तिनं हे वाचलं आणि कागद टाकूनच दिला. "काकू, माणसाला होणारे सात आहेत," म्हणाली. २०१९ चा सातवा. इंग्लंडात सॅलिसबरीला सर्दीवर संशोधन करणारं एक केंद्र होतं, तिथं डेव्हिड टायरेल आणि बायनो यांनी १९६५ मध्ये एका शाळकरी मुलाच्या सर्दीतून आलेला विषाणू श्वासनळीच्या तुकड्यावर वाढवून दाखवला. १९६६ मध्ये शिकागोत डोरोथी हॅम्रे आणि प्रॉकनॉव्ह यांना वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या नाकातून २२९ई नावाचा कोरोना मिळाला. मग ओसी४३. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचं काटेरी कडं टिपणारी जून अल्मेडा ही ग्लासगोच्या बसड्रायव्हरची मुलगी, सोळाव्या वर्षी शाळा सुटलेली. १९६८ मध्ये या कुळाला कोरोना हे नाव मिळालं. पुढं २००४ मध्ये नेदरलँड्समध्ये एनएल६३ आणि २००५ मध्ये हाँगकाँगमध्ये एचकेयू१. २२९ई, ओसी४३, एनएल६३ आणि एचकेयू१ हे चौघे आपल्यात कायमचे राहायला आहेत, दर हिवाळ्यात सर्दी देतात आणि जातात. दांडगे ते बाकीचे तीन. २००२-०३ चा सार्स, ज्यानं आठ हजारांवर लोकांना गाठलं आणि ७७४ जणांचा जीव घेतला. २०१२ मध्ये सौदी अरेबियात दिसलेला, उंटांतून येणारा मर्स, ज्याच्या नोंदलेल्या रुग्णांपैकी साधारण तिघांतला एक दगावतो. आणि आपला हा.

यातली एक गोष्ट मला फार मजेशीर वाटली. पोरांना घुरघुरणारा खोकला देणारा एनएल६३ आणि २०१९ चा विषाणू, दोघेही पेशीत शिरायला एसीई२ नावाचं पेशीवरचं प्रथिन हाच दरवाजा वापरतात. दरवाजा एक, पण एकाची मजल खोकल्यापर्यंत आणि दुसऱ्यानं जग बंद पाडलं. नुसता दरवाजा कळून सगळं कळत नाही.

पेटी विकणाऱ्याला हा इतिहास कशाला हवा, असं कुणी म्हणेल. हवा, कारण सर्दीनंतर वास जाणं हे २०२० चं नवं दुखणं नव्हे. जपानी संशोधकांना २००७ मध्ये, सर्दीनंतर वास गेलेल्या एका रुग्णाच्या नाकात २२९ई सापडला होता. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं असे रुग्ण वर्षानुवर्षं येत होते, फक्त त्यांच्यासाठी कुणी खोके छापत नव्हतं.

त्याच कागदावर एक रंगीत चित्र आहे. काटेरी गोळा वासाची नस कुरतडतोय आणि खाली लिहिलंय, 'व्हायरस वासाच्या नसा नष्ट करतो, आमची तेलं त्या पुन्हा उगवतात.' दोन्ही वाक्यांत खोट आहे. हार्वर्डमधल्या संदीप रॉबर्ट दत्ता यांच्या गटानं २०२० मध्येच दाखवलं होतं की एसीई२ हा दरवाजा वासाच्या चेतापेशींवर नाहीच, तो आहे शेजारच्या आधारपेशींवर. आमच्या डंकाची मोटार शाबूत, पण पट्टा चढवणारा, माल ओतणारा आणि चाळणारा तिघेही एकाच वेळी अंथरुणाला खिळले तर चटणी निघेल का? तसं ते. आधारपेशी सावरल्या की बऱ्याच जणांचा वास काही आठवड्यांत आपोआप परततो, बाटली न हुंगता. काहींचं मात्र रेंगाळतं. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाच्या मंडळींनी २०२२ मध्ये अशा लोकांच्या नाकातला नमुना काढून पाहिला. विषाणूचा मागमूस नव्हता, तरी प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी तिथंच ठाण मांडून दाह करत होत्या आणि वासाच्या चेतापेशी कमी झालेल्या. आणि उगवण्याचं म्हणाल तर वासाच्या चेतापेशी आयुष्यभर नव्या येतच राहतात, तळाशी त्यांच्या मूळ पेशी असतात. तेल त्या उगवत नाही.

धाकट्या जाऊबाईंना कुणीतरी व्हॉट्सॲपवर 'कोरोनानं मेंदू आकसतो' असं पाठवलं होतं, त्या घाबरून माझ्याकडं आल्या. त्यामागं खरा अभ्यास आहे, हे मी त्यांना सांगितलं. ब्रिटनच्या यूके बायोबँक या लोकांच्या आरोग्याची माहिती साठवणाऱ्या प्रकल्पातल्या ७८५ जणांच्या मेंदूची चित्रं दोनदा काढलेली होती, मधल्या काळात त्यातल्या ४०१ जणांना संसर्ग झाला होता. २०२२ मध्ये निष्कर्ष आला, की संसर्ग झालेल्यांत वासाशी जोडलेल्या भागांत सरासरी ०.२ ते २ टक्के जास्तीची घट आहे. सरासरी, आणि सगळी माणसं पन्नाशीच्या पुढची. विषाणूनं मेंदूला केलेली ही इजा, की नाकाकडून निरोपच येईनात म्हणून तो भाग रोडावला, हे त्या चित्रांवरून ठरत नाही. जाऊबाईंनी दुसऱ्या शक्यतेवर बोट ठेवलं आणि मग पेटी मागवायला तयार झाल्या.

त्यांचा वास गेला गेल्या हिवाळ्यात. आम्हाला दोघींनाही याआधी कोरोना होऊन गेलेला, लसीही झालेल्या. "एकदा झाल्यावर पुन्हा कसा?" हा त्यांचा प्रश्न. या कुळाची तीच तर खोड आहे. ॲमस्टरडॅममध्ये दहा पुरुषांचं रक्त १९८५ पासून नियमित साठवलेलं होतं. ते तपासून २०२० मध्ये संशोधकांनी दाखवलं की सर्दीवाले चारही कोरोना त्याच माणसाला पुन्हा पुन्हा होतात, बऱ्याचदा वर्षभरानंतरच. सॅलिसबरीतही स्वयंसेवकांच्या नाकात २२९ई सोडून वर्षभरानं पुन्हा सोडला होता, तेव्हा बऱ्याच जणांत तो पुन्हा शिरला, पण दुसऱ्या खेपेला सर्दी कुणालाच झाली नाही. म्हणजे जुन्या ओळखीचा उपयोग होतो, दार मात्र बंद राहत नाही. ओमिक्रॉनपासून वास जाण्याचं प्रमाण पूर्वीपेक्षा कमी झालं, पण शून्य झालं नाही. मग वाती पुन्हा भिजवायला तेल सुटं का विकत नाही, हा माझा कंपनीला प्रश्न होता. दर वेळी अख्खा खोका घ्यायचा?

जाऊबाईंची नवी पेटी माझ्या जुन्या पेटीशी ताडून पाहिली. लिंबू सुधारलंय, वापरण्याची मुदत छापलीय. गुलाब पातळ झालाय. किंमत वाढलीय. कागद तोच, नासिकेसकट.

आता ज्यांना साडेअकराशे घालवायचे नाहीत त्यांच्यासाठी. तपकिरी बाटल्या महाद्वार रोडच्या आतल्या गल्लीत अत्तरवाल्याकडं मिळतात. रिकामी बाटली मागितली की तो आधी अत्तर घ्यायला लावतो, घ्या, गुलाबाचंच घ्या. निलगिरीचं आणि लवंगेचं तेल मेडिकलमध्ये. लिंबासाठी तेल नकोच, साल किसून रोज ताजी. कापसावर तीन-चार थेंब टाका, तेल कातडीला किंवा नाकाच्या आत लावू नका, विशेषतः लवंगेचं, भाजतं. दम्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. सगळं मिळून पेटीच्या निम्म्याहून बराच कमी खर्च येतो. हुंगायचं सकाळी आणि रात्री, प्रत्येक वास दहा-पंधरा सेकंद, बारीक बारीक श्वास घेत, आणि त्या वेळी तो वास कसा होता हे आठवत. हे आठवणं नुसतं सांगायला सोपं आहे.

पेटीत नाही अशी एक गोष्ट मी केली. तुर्कस्तानातल्या आयतुग अल्तुनदाग यांच्या २०१५ च्या अभ्यासात दर १२ आठवड्यांनी वास बदलले आणि व्यायाम ३६ आठवड्यांपर्यंत लांबवला, तर तेच चार वास हुंगण्यापेक्षा जास्त फायदा दिसला. त्यांच्या दुसऱ्या संचात मेन्थॉल, थाइम, टँजेरिन आणि जाई होती. थाइम कुठून आणू? मग बी.एस्सी. कामाला आली. थाइममधला मुख्य रेणू थायमॉल, आणि तो आपल्या ओव्यात भरपूर. ओवा तळहातावर चुरडला, पुदिना खुडला, संत्र्याची साल घेतली आणि जोतिबा रोडच्या गजरेवाल्या मावशींकडून मोगरा. या संचाचा खर्च चहापेक्षा कमी होता आणि कंटाळाही कमी आला. ओवा मला लवंगेच्या आधी नीट कळायला लागला.

फरक पडला का? पडला. पुढच्या सीझनला दगडफूल आणि नागकेशर वासावरून ओळखता आलं, धण्याची भट्टी मी परत हातात घेतली. कांद्यातला टायर हळूहळू विरला, लसणात अजून कधीमधी डोकावतो, म्हणून शेवटचा घास सुनेचा. आता हा गुण पेटीचा की काळाचा, हे माझ्या एकटीच्या नाकावरून ठरणार नाही. त्याला हुमेलसारखे काहीच न करणारे १६ जण शेजारी बसवावे लागतात.

खोक्यावर जे मोठ्या अक्षरात हवं होतं आणि कुठंच नाही, ते इथं लिहिते. वास गेलाय तोवर घरात गॅस गळतीचा अलार्म लावा. सिलिंडरच्या गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन मिसळतात, आणि तोही गंधकाचाच रेणू. ज्याचा वास गेलाय त्याला तो येणार नाही, ज्याचा वाकडा झालाय त्याला भलताच येईल. आमच्याकडं भट्टीच्या तीन शेगड्या आहेत. मी अलार्म आधी बसवला, पेटी नंतर मागवली. उरलेलं शिळं अन्न आणि नासलेलं दूध यांचीही चौकशी दुसऱ्याच्या नाकानं करून घ्या.

घ्यावी कुणी? ज्याला सामान जमवायचा कंटाळा आहे, ज्याला समोर तक्ता असल्याशिवाय शिस्त लागत नाही, किंवा जो परगावी एकट्या खोलीत राहतो, त्यानं खुशाल घ्यावी. जाऊबाई या पहिल्या दोन्ही प्रकारांत बसतात, त्यांना मी घरगुती संच सुचवलाच नाही. पाचपैकी तीन तारे. बाटल्यांना चार, कागदाला एक, किमतीनं थोडं ओढून खाली आणलं.

सुटं तेल द्या, कागदातली दोन वाक्यं बदला, निलगिरीच्या गारव्याबद्दल आणि गॅसबद्दल एकेक ओळ टाका, असं कंपनीला सविस्तर मराठीत कळवलं, इंग्रजीतही कळवलं. उत्तर आलं. आपल्या अभिप्रायाबद्दल आभार, आणि पुढच्या पेटीवर दहा टक्के सवलतीचं कूपन. महिनाअखेरपर्यंत चालतं, कुणाला हवं असेल तर मागून घ्या.